यंत्राचें नियमन आणि मनोविकार

पुणें-सातारा रस्त्यावरून चेलाडीच्या फाट्याशीं वळलें म्हणजे नसरापूर लागतें. गांवाजवळचें बनेश्वराचें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलें. वसईच्या मोहिमेंत हातीं आलेली, १६८३ हें साल कोरलेली पोर्तुगीज घंटा तेथें टांगलेली आहे. ही घंटा आपण होऊन कधीं वाजत नाहीं. कोणी हात लावावा तेव्हां ती बोलते. नसरापुराहून एक वाट पश्चिमेस वेल्ह्याकडे जाते. हमरस्त्यानें थोडें दक्षिणेस जाऊन कापूरहोळापाशीं वळलें म्हणजे भोर गांठतां येतें. भोरच्या अंगास भाटघरचें धरण आहे आणि वेल्ह्याच्या उत्तरेस पानशेतचें. या दोन धरणांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिला, तर एक विलक्षण प्रश्न पुढें उभा राहतो. घंटेप्रमाणें दुसऱ्याच्या हाताची वाट न पाहतां जें यंत्र आपलें काम आपण चालवितें, त्याला नुसती बुद्धि पुरते, कीं मनोविकारांसारखेंहि कांहीं लागतें?

हा प्रश्न प्रथम ऐकणारास हसूं येईल. यंत्राची थोरवी तर हीच कीं, त्याला राग नाहीं, लोभ नाहीं, आळस नाहीं. माणसाच्या हातून चुका होतात त्या विकारवश झाल्यामुळें. मग तेंच विष यंत्रांत कां कालवावें? परंतु गेल्या साठ वर्षांत थोर थोर शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न अगदीं गंभीरपणें विचारलेला आहे, व त्याचें उत्तर प्रत्यक्ष यंत्रांत उतरविण्याचा यत्नहि केला आहे. त्यांचें म्हणणें कळण्यासाठीं आधीं यंत्र स्वतःचें नियमन कसें करतें, हें पाहिलें पाहिजे.

वाफेच्या एंजिनाचा वेग कमीजास्त होई, म्हणून जेम्स वॉट यानें १७८८ च्या सुमारास त्याला एक नियामक बसविला. दोन जड गोळे एका दांड्याभोंवतीं फिरत. वेग वाढला कीं गोळे बाहेर फेंकले जात आणि वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं गोळे आंत येत आणि झडप उघडे. या युक्तीचें गणित मॅक्सवेल यानें १८६८ सालीं मांडलें. तिचें सार तीन वाक्यांत सांगतां येतें. काय घडत आहे तें मोजावें. काय घडावयास हवें त्याशीं तें ताडून पहावें. जो फरक निघेल त्याच्या उलट दिशेनें जोर लावावा.

हेंच तत्त्व पुण्याच्या पाण्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं वापरलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकून ते १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले होते. १८७९ सालीं पुरें झालेलें खडकवासल्याचें धरण पावसाळ्यांत भरून सांडे आणि उन्हाळ्यांत त्याच पाण्याची टंचाई भासे. धरणाची भिंत न चढवितां पाणी अधिक सांठवावयाचें, पण पूर आल्यास तें अडून राहतां कामा नये, असा पेंच होता. विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर वजनांनीं तोललेले दरवाजे बसविले. पाणी ठराविक रेषेपर्यंत चढलें कीं तें बाजूच्या कुंडांत शिरून वजनांचा तोल बदली आणि दरवाजा आपोआप वाट मोकळी करी. पाणी उतरलें कीं तो पुन्हां मिटे. १९०३ सालीं या रचनेचें पेटंट झालें. तिच्यायोगें तलावाची पातळी सुमारें ८ फूट वाढवितां आली. पुढें ग्वाल्हेरजवळ टिग्रा येथें व म्हैसूरजवळ कृष्णराजसागरावर तशीच योजना झाली. भाटघरच्या सांडव्यावरहि ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. मध्यरात्रीं मुसळधार पाऊस कोसळत असावा, रखवालदाराचा डोळा लागलेला असावा, तरी असा दरवाजा आपली वेळ चुकवीत नाहीं.

परंतु या दरवाजाला ठाऊक आहे तें किती? एकच गोष्ट: पाणी रेषेच्या वर आहे कीं खालीं. पाणी कोठून आलें, खालीं कोणाचीं घरें आहेत, उद्यां काय ओढवणार आहे, यांतलें कांहींच त्याच्या गांवीं नाहीं. जोंपर्यंत जग रचनाकाराच्या अंदाजाप्रमाणें वागतें, तोंपर्यंत या अज्ञानानें बिघडत नाहीं. अंदाजाबाहेरचें घडलें म्हणजे मात्र त्याची मर्यादा उघडी पडते. पुणेंकरांनीं ती १९६१ सालीं पाहिली.

आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण पुरें होण्यापूर्वींच त्या वर्षीच्या पावसानें भरूं लागलें. पाणी सोडण्याच्या मार्गाचें काम अपुरें राहिलें होतें, आणि भिंत खचूं लागली. लष्कराचे जवान बोलावण्यांत आले. पायाखालची भिंत खचत असतां त्यांनीं रात्रभर तिच्यावर पोतीं रचलीं. १२ जुलैच्या सकाळीं धरण फुटलें. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला, आणि त्याच दिवशीं तेंहि धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. खडकवासल्याचे दरवाजे पावसाच्या पुरासाठीं योजिलेले होते. वरचें सबंध धरण फुटून येईल, ही कल्पना त्यांच्या रचनेंत असणें शक्यच नव्हतें. उलट, त्या पोत्यांमुळें फुटण्याची घटका रात्रीवरून दिवसावर गेली आणि हजारों माणसांस घराबाहेर पडावयास अवधि मिळाला, असें पुण्यांत कृतज्ञतेनें सांगितलें जातें.

त्या रात्रीं भिंतीवर जें चाललें होतें, त्याला केवळ हिशेब म्हणतां येणार नाहीं. आपल्या जिवाचें भय प्रत्येकाला असलेंच पाहिजे. परंतु खालच्या शहराविषयींचें भय त्याहून मोठें ठरलें, आणि त्यानें बाकीचीं सर्व कामें बाजूला सारून एकच काम पुढें आणलें. भय हें येथें बुद्धीचें शत्रु नव्हतें. कोणती गोष्ट आधीं, हें बुद्धीला सांगणारें तेंच होतें.

आपल्याकडील परंपरेंत मनोविकारांना बहुधा निराळें स्थान मिळालेलें दिसतें. कठोपनिषदांत शरीराला रथाची उपमा दिली आहे: इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम, बुद्धि हा सारथि. प्लेटोनेंहि आत्म्याला दोन घोड्यांच्या रथाची उपमा दिली. काम, क्रोध, लोभ यांना षड्रिपूंत घालून आपण त्यांना थेट शत्रुपक्षांतच बसविलें. नियमन म्हणजे विकारांचें दमन, हीच समजूत त्यामुळें दृढ झाली.

तथापि याच भूमींत दुसराहि एक विचार झाला आहे, आणि तो नाट्यशास्त्रांत सांपडतो. भरतानें आठ स्थायी भाव मानले व त्यांच्याबरोबर येणारे-जाणारे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. या तेहतिसांच्या यादींत शंका, त्रास, औत्सुक्य आहेत, हें अपेक्षितच आहे. परंतु त्याच यादींत स्मृति, मति आणि वितर्क हेहि आहेत, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आठवण आणि विचार यांना भरतानें भावांच्या कुटुंबांतूनच वाढलेलें मानलें. त्यांच्यामध्यें भिंत घातली नाहीं. शिवाय भय आणि उत्साह हे दोन्ही त्याच्या मतें स्थायी आहेत. पानशेतच्या भिंतीवरील रात्रीचें वर्णन करावयास याहून योग्य शब्द मिळावयाचे नाहींत.

पश्चिमेकडे हा विचार यंत्रांच्या वाटेनें आला. १९४८ सालीं नॉर्बर्ट वीनर यानें प्राणी आणि यंत्र या दोहोंच्या नियमनाचें एकच शास्त्र मांडलें व त्याला ‘सायबरनेटिक्स’ असें नांव दिलें. हा शब्द सुकाणूधर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. आपला सारथि तोच तेथें नावाडी झाला. पुढें गणकयंत्रें बुद्धिबळें खेळूं लागलीं व गणितांतील सिद्धान्त सिद्ध करूं लागलीं, तेव्हां १९६३ सालीं उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानें आक्षेप घेतला. माणसाचें विचार करणें हें भावनांशीं व अनेक हेतूंशीं कायम गुंतलेलें असतें. यंत्र मात्र एकाच हेतूनें चालतें. म्हणून दोहोंची तुलना वरवरची आहे, असा त्याचा आशय होता.

या आक्षेपाला हर्बर्ट सायमन यानें १९६७ सालीं दिलेलें उत्तर या विषयांतील मैलाचा दगड होय. त्याचें म्हणणें घरगुती उदाहरणानें सहज समजेल. गृहिणी पोळ्या करीत असते. तिचें चित्त पोळीवर आहे. एका वेळीं ती एकच काम नीट करूं शकते. इतक्यांत बाहेरच्या खोलींतून मूल रडल्याचा आवाज येतो. ती पोळी पुरी होण्याची वाट पाहत नाहीं. चिमटा टाकून धांवते. चित्त एक आणि हेतु अनेक असतील, तर चाललेलें काम तोडून दुसरें पुढें आणणारी कांहीं तरी व्यवस्था असलीच पाहिजे. सायमनच्या मतें मनोविकार ही ती व्यवस्था होय. ज्या यंत्राला अनेक हेतु आणि अपुरा वेळ घेऊन जगांत वावरावयाचें आहे, त्यालाहि अशी व्यवस्था लागेल. म्हणजे विकार हा बुद्धींत शिरलेला बिघाड नसून तिच्या रचनेंतील एक गरज आहे.

विकार काढून टाकले तर बुद्धि शुद्ध होते काय, याचें उत्तर रोग्यांच्या निरीक्षणांतून मिळालें. मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या कांहीं रोग्यांचें वर्णन अँटोनिओ डमासिओ यानें १९९४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांची स्मृति, भाषा व तर्कशक्ति शाबूत होती. बुद्धिमापनाच्या कसोट्यांत ते उत्तम उतरत. गेलें होतें तें इतकेंच कीं, कशाचेंच त्यांना बरें-वाईट तीव्रतेनें वाटेना. अशी माणसें शांत व शहाणीं व्हावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत साधा निर्णयहि त्यांना होईना, आणि झाला तर तो घातक ठरे. लगाम सुटल्यानें रथ भरकटतो हें खरें; पण घोडेच सोडून दिले तर रथ जागचा हालत नाहीं.

शिकण्याच्या क्रियेंतहि विकारांचें असेंच काम आढळलें. १९९७ सालीं शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू या तिघांनीं दाखविलें कीं, मेंदूंतील डोपामीन या द्रव्याचा संकेत नुसत्या सुखाबरोबर उठत नाहीं. अपेक्षेहून अधिक लाभ झाला तर तो चढतो, अपेक्षेइतकाच झाला तर स्थिर राहतो, आणि अपेक्षाभंग झाला तर उतरतो. यंत्रांना बक्षिसानें शिकविण्यासाठीं गणितज्ञांनीं जें सूत्र त्यापूर्वींच बसविलें होतें, तें याच रूपाचें होतें. हर्ष आणि निराशा हीं जणूं शिक्षकाचीं दोन खडूचीं चिन्हें आहेत: एक बरोबरचें, एक चुकीचें. हीं चिन्हें नसतील तर हजारदां अनुभव घेऊनहि शहाणपण येणार नाहीं.

भीतीची गोष्ट जोसेफ लडू यानें १९९६ सालीं उलगडून दाखविली, आणि तिला आपल्याकडे एक जुना दृष्टान्त तयार आहे. अंधारांत वाटेवर दोरी पडलेली असते; चालणारा ती साप समजून मागें उडी घेतो; मग दिवा आणून पाहतो तों दोरी. वेदान्त्यांनीं यांत भ्रम पाहिला. लडूच्या शोधाप्रमाणें मेंदूंत येथें दोन वाटा आहेत. एक आंखूड: डोळ्यांना दिसलेली खूण सरळ भयाच्या केंद्राकडे जाते आणि अंग उडी घेतें. दुसरी लांब: तीच खूण विचाराच्या केंद्रांतून फिरून येते आणि भय खोटें असल्यास त्याला आवर घालते. दोरीला साप समजण्याची किंमत एक उडी. सापाला दोरी समजण्याची किंमत प्राण. म्हणून उतावीळ वाट आणि सावकाश वाट अशा दोन्ही निसर्गानें राखल्या आहेत.

हीच रचना पुढें यंत्रांत आली. स्वीडनमध्यें मोरेन व बाल्केनियस यांनीं तिचें गणिती रूप बांधलें, आणि त्याच्या आधारें तेहरान येथील कॅरो लुकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं एक नियामक जाहीर केला. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग वाईट-चांगल्याचा अनुभव झटकन् शिकतो आणि एकदां शिकलेलें विसरत नाहीं. दुसरा भाग, परिस्थिति बदलली असल्यास, पहिल्याला आवरावयास शिकतो. विजेच्या मोटारीचा वेग राखण्यासारख्या कामांत या पद्धतीचा उपयोग करून पाहण्यांत आला आहे. वॉटच्या गोळ्यांना बदलतें जग शिकतां येत नव्हतें. या नियामकाला थोडेंफार शिकतां येतें, एवढा दोहोंत फरक.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. भावना ओळखणें, भावनेचें काम करणें आणि भावना होणें, या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा यत्न मराठींतहि झाला आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधक गटानें २०२१ सालीं सुमारें सोळा हजार मराठी ट्वीटांची अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशी विभागणी करून यंत्रांना शिकविण्यासाठीं ती खुली केली. हें काम किती अवघड आहे तें कोरड्या नळाकडे पाहून ‘वा, काय धो धो पाणी आलें आहे!’ म्हणणाऱ्या पुणेंकराला विचारावें. शब्द सारे अनुकूल, आणि भाव नेमका उलट. दुसरी गोष्ट म्हणजे वर सांगितलेला नियामक. तिसरी गोष्ट मात्र निराळी आहे. या नियामकांत ज्याला भीतीचें केंद्र म्हणतात, तें एक बेरीज-वजाबाकी आहे. त्याला भय वाटतें, असें कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं.

आणि येथेंच खऱ्या महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. यंत्राला भय वाटत नसून तें भयाचें काम करीत असेल, तर कशाचें भय धरावें हें त्याला कोण सांगतें? वरील नियामकांत याचें उत्तर स्पष्ट आहे: रचना करणारा सांगतो. कोणती चूक मोठी व कोणती लहान, याचें वजन बाहेरून घालून द्यावें लागतें. माणसाचें भय त्याच्या जन्माबरोबर आणि नात्यागोत्यांतून येतें. यंत्राचें भय दुसऱ्याच्या मेजावर ठरतें.

भाटघरच्या पाण्याचा विचार केला म्हणजे यांतील जोखीम ध्यानीं येते. तेथें सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें. नीरेच्या कालव्यांवाटे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतील शेती त्याच्यावर उभी आहे. समजा, उद्यां अशा धरणाचे दरवाजे शिकणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन केले. त्याला केवळ पुराचें भय शिकविलें, तर तें भाद्रपदांत तलाव रिता ठेवील आणि चैत्रांत ऊंस वाळेल. केवळ टंचाईचें भय शिकविलें, तर तें पाणी शेवटच्या क्षणापर्यंत धरून बसेल आणि नदीकांठचीं घरें धोक्यांत येतील. दोन्ही भयें शिकविलीं, तरी एका घराच्या तुलनेंत किती एकर ऊंस, हें प्रमाण कोणाला तरी आंकड्यांत लिहून द्यावें लागेल. अनुभवी इंजिनियर हें प्रमाण मनांत धरीत असे. त्याला तें लिहून दाखवितां आलें नसतें, पण चुकल्यास त्याची झोंप उडाली असती. यंत्राची झोंप उडत नाहीं.

आंकड्यांत कोणाचें दुःख धरलें जातें, हा प्रश्न या डोंगराळ मुलखाला नवा नाहीं. १९२१ सालीं शेजारच्या मुळशी पेट्यांत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, आणि सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. विजेचा हिशेब तेव्हांहि चोख होता. बुडणाऱ्या शेताविषयीं मावळ्याला काय वाटतें, याला त्या हिशेबांत रकाना नव्हता. धरण उभें राहिलें. रकाना तसाच राहिला.

तेव्हां मनोविकार हे यंत्राच्या शहाणपणाला विरोधी नाहींत, हें सायमनपासूनच्या संशोधनानें पटवून दिलें आहे. महत्त्वाचें काय हें ठरविणें, चाललेलें काम वेळीं थांबविणें, आणि चुकीपासून शिकणें, हीं तीन कामें विकारांवांचून होत नाहींत, आणि यंत्रालाहि त्यांचा कांहीं तरी पर्याय लागतो. परंतु हा पर्याय यंत्र आपल्या काळजांतून आणीत नाहीं. तो माणसांकडून घेतलेला असतो, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या दृष्टींत जेवढीं माणसें मावलीं तेवढ्यांपुरताच तो असतो. म्हणून अशीं यंत्रें धरणांवर, रुग्णालयांत व रस्त्यांवर बसविण्याच्या काळांत त्यांच्या वेगाची चौकशी जितकी व्हावी, त्याहून अधिक या एका गोष्टीची व्हावयास हवी: याला कोणाची काळजी करावयास शिकविलें आहे, आणि ती शिकवितांना नदीकांठच्या माणसाला कोणी विचारलें होतें काय?